कुंपणावरच्या साड्या

ऑगस्ट सरत आला तरी धूर हटायला तयार नव्हता. डोंगरापलीकडचा वणवा विझला असं रेडिओवर सांगत होते. पण सकाळी मेंढवाड्याच्या पत्र्यावर बोट फिरवलं की बोट काळं होई आणि पाण्याच्या टाकीवर राखेची साय धरलेली असे. मेंढ्या खोकत. म्हाताऱ्या माणसांसारख्या, मान खाली घालून, मध्येच थांबून पुन्हा खोकत.

नंदाने सकाळपासून खुरं कापायला घेतली होती. एकेक मेंढी धरायची, तिची मान वळवायची, तिला ढुंगणावर बसवून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची आणि वाढलेलं खूर कात्रीने कातरायचं. खुरांच्या फटीतून सडका वास येत होता. ओलीत चरल्याचा वास. दरवर्षी या दिवसांत कळप वरच्या कोरड्या कुरणात असे. यंदा ते कुरण जळून गेलं होतं आणि सगळी जनावरं नदीकाठच्या सपाटीवर येऊन अडकली होती.

ती सपाटी देवदत्तची होती.

देवदत्त मूळचा पुण्याचा. आता अमेरिकेत, बेलव्ह्यू शहरात, एका बड्या कंपनीत वरच्या जागेवर. राज्याच्या या पूर्व टोकाला, कोलव्हिलजवळ, त्याने काही वर्षांपूर्वी जमीन घेतली. टेकडीवर लाकडी घर बांधलं, पाहुण्यांसाठी शेजारी दुसरं बांधलं आणि लांब केसांच्या तांबड्या गाई शोभेला आणून सोडल्या. खालची सपाटी आणि जुना मेंढवाडा त्याने नंदा-गिरीशला वापरायला दिला. ‘आपल्यात कागद कशाला?’ असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तेव्हा ते ऐकून दोघांनाही बरं वाटलं होतं.

ओळख जुनी होती. केनियाच्या दक्षिणेला सिंह वाचवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेचा देवदत्त अध्यक्ष होता आणि परभणीला जनावरांची डॉक्टर झालेली नंदा लग्नाआधी त्या संस्थेत नोकरीला होती. मसाई गुराख्यांच्या वस्त्यांवर राहायचं, सिंहाने मारलेली गाय भरपाईसाठी तपासायची, काट्यांची कुंपणं घट्ट कशी करायची ते बघायचं आणि सिंहाला विष घालू नका, भाला मारू नका, म्हणून विनवायचं, हे तिचं काम. पुढे गिरीशशी लग्न होऊन ती बेलव्ह्यूला आली. गिरीशची नोकरी गेली तेव्हा तिनेच मेंढ्यांचं काढलं. आता शाळा सुरू असल्या की गिरीश शाळेची बस चालवी आणि उरलेल्या वेळात गवताच्या गंज्या ओढी. वर्ध्याहून आलेले त्याचे वडील, मनोहरराव, त्यांना घरात अप्पा म्हणत, ते दिवसभर कुत्र्यांशी बोलत.

कुत्री दोन. तांबू आणि ढेप्या. वासरांएवढी, कळपातच वाढलेली. दुसरी राखण कुंपणाच्या साड्यांची. परभणीकडे नंदाचे मामा रानडुकरांसाठी शेताला जुन्या साड्या गुंडाळीत. इथे लांडगे होते. लांडगा हलत्या चिंधीला बिचकतो, हे तिला ठाऊक होतं. पण त्यासाठी चिंधी खालून मोकळी हवी, वाऱ्यावर लोंबती हवी. बेलव्ह्यूच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी खोकी भरभरून जुन्या साड्या दिल्या. नंदाने त्यांच्या वीतभर रुंद पट्ट्या फाडल्या आणि सपाटीभोवतीच्या तारेच्या कुंपणावर दोरी बांधून तिच्यावर टांगल्या. चॉकलेटी वॉयल, जांभळी गढवाल, कुणाच्या तरी डोहाळेजेवणाची हिरवी. दरीतून लांडग्यांची टोळी येत-जात होती, त्यांचे माग चिखलात दिसत. पण आजवर एकही मेंढी गेली नव्हती.

अशा त्या धुरकट सकाळी देवदत्तचा फोन आला. नंदाच्या मांडीवर मेंढी होती. गिरीशने फोन तिच्या कानाला लावला.

“नंदा, एक छोटंसं काम होतं. संस्थेचा डिनर आहे ऑक्टोबरमध्ये. त्यात दाखवायला फिल्म करतोय. को-एक्झिस्टन्सवर. तिकडची फुटेज आहे आपल्याकडे, पण डोनर्सना रिलेट होत नाही गं. मला वाटलं, तुझ्यापासून सुरू करू. इथली मेंढपाळ बाई, इथला लांडगा. मग तिथला मसाई, तिथला सिंह. पॉवरफुल होईल.”

“करू की,” नंदा म्हणाली. मेंढीने पाय झाडला. कात्री तिच्या अंगठ्याला लागली.

“तुला फार काही करायचं नाही. तू फक्त नेहमीसारखी राहा.”

*

शनिवारी मंडळी आली. दोन मोठ्या गाड्या, कॅमेरे, छत्र्या आणि उंच बुटांतली चार-पाच मुलं. देवदत्तबरोबर त्याची बायको रुपालीही होती. नंदा पहाटेपासून पोहे निवडत होती. अप्पांनी दाढी करून टोपी घातली होती.

गाड्या थांबताच तांबू आणि ढेप्या भुंकत सुटले. कॅमेऱ्याची एक मुलगी ओरडून परत गाडीत शिरली.

“अगं, बांध ना त्यांना!” रुपाली काचेआडून म्हणाली. “पाहुणे आलेत.”

गिरीशने साखळ्या आणल्या. पाहुणे आले की कुत्रं बांधायचं, हे नंदाला लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं होतं की तिने विचारही केला नाही. कुत्री पाहुण्यांच्या घरामागे नेऊन बांधली. ढेप्याच्या गळ्यात साखळी कधी पडलीच नव्हती. तो मागच्या पायांवर बसून राहिला आणि आपल्या गळ्याकडे बघण्यासाठी मान वाकडी करत राहिला.

“काहून बांधलं बाप्पा यायले?” अप्पा म्हणाले. “यायचं काम हाये ते.”

“अप्पा, एक दिवसाचा प्रश्न आहे,” गिरीश हळूच म्हणाला.

रुपाली कुंपणाशी उभी होती. उन्हापावसाने विटलेली, फाटलेली एक पट्टी तिने दोन बोटांत धरली.

“नंदा, या आपल्याच साड्या ना? मंडळातल्या?”

“हो, रुपालीताई.”

“अगं, पण किती कळकट झाल्यात! हे सगळं स्क्रीनवर जाणार. अमेरिकन लोक बसलेले असणार समोर. आपल्या साड्या अशा पोतेऱ्यासारख्या? बरं दिसतं का?” तिने गाडीतून एक मोठी बॅग काढायला लावली. “मी दुपट्टे आणलेत. बांधणीचे, लहरियाचे. आपण छान लावू. मांडवासारखं.”

“ताई, त्या मोकळ्या लोंबत्या हव्यात. लांडगा—”

“एका दिवसात काय लांडगा येतोय! शूट झालं की लाव परत तुझ्या चिंध्या.”

नंदाने देवदत्तकडे पाहिलं. तो फोनवर बोलत होता. तिने हातातला पोह्यांचा डबा कठड्यावर ठेवला आणि पट्ट्या सोडायला लागली. दोरीच्या गाठी उन्हाने आवळून बसल्या होत्या. काही तिला दातांनी सोडवाव्या लागल्या. त्यांच्या जागी रुपालीने आणि मुलींनी दुपट्टे चढवले. वर एक पीळ, खाली एक पीळ, मध्ये झालर. वारा आला तरी त्यातला एकही हलत नव्हता. कुंपण खरोखरच छान दिसत होतं.

मग नंदाला खुर्चीवर बसवलं, शेजारी एक काळी मेंढी उभी केली. देवदत्त तिच्या शेजारी उभा राहून कॅमेऱ्याशी इंग्रजीत बोलला. आफ्रिकेतल्या माणसाने आपल्याला मोठा धडा दिला आहे, तो म्हणाला. सिंह त्याची गाय नेतो, तरी तो सूड घेत नाही. कारण त्याला ठाऊक आहे की ही भूमी दोघांची आहे. सहन करणं हीच खरी संस्कृती.

नंदा मांडीवरच्या हातांकडे बघत ऐकत होती. अंगठ्याची जखम भरली नव्हती. तिला नाशिपाए आठवत होती.

नाशिपाए तिच्याहून बरीच मोठी. मोठी वस्ती, काट्यांच्या कुंपणाचा वाडा. तिकडे त्याला बोमा म्हणतात. एका रात्री सुनेच्या कळा सुरू झाल्या. धावपळीत बोम्याची झाप, म्हणजे काट्यांचं दार, नीट लागली नाही आणि सिंहिणीने दोन दुभत्या गाई पाडल्या. सकाळी नंदा तपासायला गेली. गाईंच्या मानेवरच्या दातांच्या खुणा तिने मोजपट्टीने मोजल्या आणि मग नियम सांगितला : झाप उघडी असेल तर दोष मालकाचा; भरपाई नाही. नियम तिने केला नव्हता, बेलव्ह्यूत संस्थेच्या बैठकीत झाला होता. पण तो सांगायला तोंड तिचं होतं. नाशिपाएच्या हातात नातू होता, जेमतेम काही तासांचा. ती रडली नाही, भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, “पोट भरलं की सिंह तुमचा आणि भूक लागली की आमचा?”

“नंदा, स्माइल,” देवदत्त म्हणाला. “इकडे बघ.”

*

संध्याकाळचा प्रकाश त्यांना हवा होता. धुरामुळे तो आफ्रिकेसारखा तांबडा पडतो, असं कॅमेऱ्याच्या मुलांचं म्हणणं. मेंढ्या आत घ्यायची वेळ झाली. नंदाने दोनदा सांगून पाहिलं. “अजून दहा मिनिटं,” ती मुलं म्हणत. मग त्यांनी ड्रोन उडवला. माथ्यावर ती घुंईघुंई सुरू झाली आणि कळप फुटला. मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढत नदीच्या बाजूला पळाल्या, वाळुंजाच्या झुडपांत घुसल्या. गिरीश, नंदा आणि म्हातारे अप्पा हाका मारत धावले. कुत्री असती तर त्यांनी एका फेरीत कळप वळवून आणला असता. कुत्री साखळीला हिसके देत टेकडीवर भुंकत होती.

बऱ्याचशा मेंढ्या वाड्यात आल्या. उरलेल्या झुडपांत दडल्या त्या काही केल्या बाहेर येईनात.

“कुत्री सोडते,” नंदा म्हणाली. “रात्रभर ती त्यांच्यापाशी राहतील.”

देवदत्तने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आजची रात्र राहू दे ना बांधलेली. क्रू पाहुण्यांच्या घरात झोपणार. कोणी बाहेर आलं आणि चावलं बिवलं तर लायबिलिटी माझी. तू पण दमलीयस. जा, झोप.”

नंदा गेली. जाताना तिने नदीकडचं फाटक लावलं, कडी घातली. त्यानंतर सामानाची शेवटची गाडी त्याच फाटकातून वर आली. चालवणाऱ्या मुलाने उतरून फाटक उघडलं होतं; पुन्हा उतरून लावण्याचं त्याच्या मनात आलं नाही.

*

सकाळी पहिल्यांदा दिसले ते कावळे.

तीन मेंढ्या झुडपांच्या अलीकडेच पडल्या होत्या. एकीचा मागचा भाग खाल्लेला, पोट उघडं, त्यातून वाफ निघून गेलेली. दुसऱ्या दोघी नुसत्याच मारून टाकलेल्या. चौथी जिवंत होती. ती उभी होती, आणि उभी आहे हेच भयंकर होतं. तिच्या मांडीचं मांस हाडापासून सुटून लोंबत होतं आणि ती ओठ हलवून गवत शोधत होती. ही काजळी. नंदाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. नंदा तिच्याजवळ गुडघे टेकून बसली, तिचं डोकं काखेत धरलं आणि गिरीशला म्हणाली, “बॅग आण माझी.”

इंजेक्शन दिल्यावर काजळी हळूहळू जड होत तिच्या मांडीवर आली. लोकरीत धुराचा वास होता.

नदीकडचं फाटक सताड उघडं होतं. चिखलात मोठे पंजे उमटलेले, सरळ फाटकातून आत, सरळ फाटकातून बाहेर. अप्पा टेकडीवर जाऊन कुत्री सोडून आले होते. ढेप्याच्या गळ्यावरचे केस साखळीने गेले होते, खाली रक्ताची रेघ. तो मेलेल्या मेंढ्यांपाशी आला, त्यांना एकेकीला हुंगलं आणि काजळीपाशी पोट टेकून बसला. कुंपणावर दुपट्टे जिथल्या तिथे होते.

देवदत्त खाली आला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा कप होता. त्याने मेंढ्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं.

“माय गॉड. सॉरी, नंदा. रिअली.” मग तो म्हणाला, “मी वन्यजीव खात्याला फोन केलाय. त्यांची बाई येतेय तपासायला.”

“बरं केलंत.”

“हे बघ.” त्याने आवाज खाली आणला. “पलीकडच्या रँचवर या सीझनला दोन वासरं गेली, याच टोळीने. सगळे उपाय करूनही नुकसान होतंय असं अजून एकदा दिसलं, की खातं टोळीतले एक-दोन काढायचा विचार करतं. आणि माझ्या गाई आता विणार आहेत. रुपाली रात्रभर झोपली नाही. नातवंडं येतात इथे.”

“काढायचा म्हणजे मारायचा.”

“तुला कळतंय मला काय म्हणायचंय. तू फक्त सांग, उपाय चालू होते. साड्या होत्या, कुत्री होती, फाटक बंद होतं. तीन वर्षं होतेच ना? खोटं काय त्यात?”

 नंदाच्या पँटला काजळीचं रक्त होतं, ते वाळून कडक होत होतं.

“तुमचा विंटरचा प्रश्न आहेच,” देवदत्त म्हणाला. “वरचं कुरण गेलं. इथेच राहायचंय ना तुम्हाला? मी कधी नाही म्हटलंय?”

*

मेलेल्या मेंढ्या तशाच ठेवायच्या होत्या, तपासणी होईपर्यंत. नंदाने त्यांच्यावर ताडपत्री अंथरली आणि कडांना दगड ठेवले. घरात गिरीशने चहा ठेवला होता. तिघं उभ्याउभ्याच पिऊ लागले.

“सांगून टाक,” गिरीश म्हणाला. “लांडग्यानेच मारल्यात ना? मग? ते तर खरं आहे.”

“विचारणार ते नाही. विचारणार, राखण होती का.”

“नंदा, पोटुशा मेंढ्या घेऊन डिसेंबरात कुठे जाशील? कोण देणार जमीन? सगळ्यांची कुरणं जळालीत यार. लोक कळपच्या कळप बाजारात नेतायत.” त्याचा आवाज चढला. “मी दोन वर्षं बस चालवतोय. लोक मला विचारतात, तू सॉफ्टवेअरवाला ना? हसून सोडून देतो. हे सगळं उभं राहावं म्हणून. आणि आता एका लांडग्यासाठी?”

“लांडग्यासाठी नाही रे.”

“मग कशासाठी?”

 नंदाने कप विसळला, पुन्हा विसळला.

“माणसं येऊन माझं कुंपण उतरवतात,” ती शेवटी म्हणाली. “माझी कुत्री बांधतात. दार उघडं टाकतात. आणि मग माझ्याच तोंडून वदवतात, की राखण होती. तिकडे नाशिपाएला मी याच तोंडाने सांगितलं होतं, झाप उघडी होती, दोष तुझा. सुनेच्या कळा चालू होत्या तिच्या, गिरीश. इथे ड्रोन चालू होता.”

गिरीश भरला कप धरून खिडकीबाहेर बघत राहिला. अप्पा चहाच्या बशीत फुंकर मारत होते.

“कुत्र्यायले तर मीच जाऊन सोडलं असतं राती,” ते म्हणाले. “पण पोरगं म्हणे, एका दिवसाचा प्रश्न हाये. आपणच आपल्या घरात भिऊ भिऊ वागून राहिलो. चाय थंड झाली, पी.”

*

खात्याची बाई दुपारी आली. तिचं नाव शेरिल. रुंद खांद्यांची, टोपीखाली पांढरी वेणी. तिने कोणाशी फारसं बोलायच्या आधी चाकू काढला आणि मेंढ्यांचं कातडं मानेपासून सोलत दातांच्या खुणा मोकळ्या केल्या. नंदाने न सांगता पाय धरले. दोघी बराच वेळ गुडघ्यांवर बसून काम करत होत्या. माशा घोंघावत होत्या. देवदत्त वाऱ्याच्या उलट बाजूला उभा होता, तोंडावर रुमाल.

“लांडगाच,” शेरिल उठत म्हणाली. “आता राखणीचं सांगा. काय काय होतं?”

“एव्हरीथिंग,” देवदत्त पुढे झाला. “तीन वर्षांपासून. दोन कुत्री, फ्लॅग लावलेलं कुंपण, रात्रीचा वाडा. मॉडेल ऑपरेशन आहे हे. आम्ही यावर फिल्म करतोय.”

शेरिलने कुंपणाकडे पाहिलं. पीळ घातलेल्या दुपट्ट्यांवर तिची नजर जरा जास्त थांबली. मग तिने फाटकाकडे, चिखलाकडे पाहिलं.

“जनावरं कोणाची?”

“माझी,” नंदा म्हणाली.

“मग तुम्ही सांगा.”

गिरीश नंदाच्या मागे उभा होता. त्याने घसा खाकरला. नंदाने हाताला लागलेलं रक्त गवताला पुसलं.

“काल रात्री राखण नव्हती,” ती इंग्रजीत म्हणाली. वाक्य अगदी साधं निघालं. “फिल्मसाठी पट्ट्या काढल्या. हे जे लावलंय ते शोभेचं आहे, ते हलत नाही. कुत्री दिवसभर आणि रात्रभर साखळीला होती, पाहुण्यांसाठी. ड्रोनने कळप फुटला, या मेंढ्या बाहेर राहिल्या. आणि ते फाटक गाडीवाल्याने उघडं टाकलं. लांडग्याला उडी मारावी लागली नाही. तो दारातून आला.”

“नंदा!” देवदत्त मराठीत म्हणाला. “काय बोलतेयस तू?”

शेरिलने ढेप्याच्या गळ्यावरचा ओरखडा पाहिला, हात पुढे केला. त्याने तो हुंगू दिला. “असं असेल तर राखण असताना झालेला हल्ला म्हणून हा धरता येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला नुकसानीचंही मिळणं कठीण आहे. कळतंय ना?”

“कळतंय. नियम मला पाठ आहे.”

शेरिलची गाडी धूळ उडवत गेली. तेव्हाच देवदत्त बोलला. ओरडला नाही, ओरडायची त्याला सवय नव्हती.

“माझ्या जमिनीवर उभी राहून तू मला खोटं पाडलंस.”

“मी फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं.”

“इतकी वर्षं मी तुम्हाला आपलं मानलं.”

“देवदत्त, एक विचारू? नाशिपाएची झाप उघडी राहिली तेव्हा तुमच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, दोष तिचा. ठरलं होतं ना? तुमची सही असायची त्या कागदांवर. आता तुमचं फाटक उघडं राहिलं, तर दोष लांडग्याचा कसा?”

“दॅट्स अ डिफरंट कॉन्टेक्स्ट.”

“वेगळं काय आहे त्यात? सांगा ना. मला खरंच समजून घ्यायचंय. तिच्या गाई दुभत्या होत्या, तुमच्या शोभेच्या आहेत, हे वेगळं? तिच्याही घरात नातू होता. काही तासांचा. ती झोपली असेल का त्या रात्री? तुम्ही तिला सहन करायला सांगता. सिंह! सिंह सहन कर म्हणता. आणि तुम्हाला दरीतून जाणारा लांडगा एक आठवडा सहन होत नाही.”

देवदत्तने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

“त्यांना सवय असते, नंदा,” तो म्हणाला.

त्याला हे बोलून काही विशेष वाटलं नाही. ते त्याला इतकं उघड, इतकं सरळ वाटत होतं की त्यात लपवण्यासारखं काही आहे हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.  एवढी वर्षं नंदा बेलव्ह्यूहून येणाऱ्या सूचना वस्तीवस्तीला वाचून दाखवत फिरली होती. त्या सगळ्या सूचनांच्या तळाशी हे एवढंच वाक्य होतं आणि तिने ते कधी वाचलं नव्हतं.

“सवय,” ती म्हणाली. 

“सप्टेंबरअखेरपर्यंत सपाटी रिकामी करा,” देवदत्त म्हणाला आणि टेकडी चढू लागला.

*

कळपातल्या म्हाताऱ्या आणि रोडक्या मेंढ्या आधी गेल्या, मग चांगल्याही. कोलव्हिलच्या बाजारात त्या आठवड्यात सगळा तालुकाच कळप घेऊन आला होता आणि घेणारे हात मागे बांधून फिरत होते. पोटुशा मेंढ्यांपैकी थोड्या शेरिलच्या ओळखीने उत्तरेला एका म्हातारीच्या कोठारात ठेवायचं ठरलं. जागा लहान, छप्पर गळकं. गिरीशने दोन रविवार तिथे पत्रे ठोकले. तो नंदाशी आठवडाभर कामापुरतंच बोलला होता. पण त्या म्हातारीने कोठाराला कुंपण कसलं घालणार म्हणून विचारलं, तेव्हा त्यानेच सांगितलं, “साड्या. माझी बायको दाखवेल.”

शेवटच्या दिवशी पहाटे दंव पडलं होतं. धूर एकदाचा गेला होता आणि डोंगर स्वच्छ, काळे, जळालेले दिसत होते. मेंढ्या ट्रेलरमध्ये चढल्या. ढेप्या चढेना, अप्पांनी त्याला वर्ध्याकडच्या शिव्या देत मागून ढकललं.

सपाटीभोवतीच्या पट्ट्या नंदाने हल्ल्यानंतर लगेच परत लावल्या होत्या. आता ती त्या सोडत होती. गाठी दंवाने गारठलेल्या, बोटं बधिर. चॉकलेटी वॉयल, जांभळी गढवाल, हिरवी. टेकडीवरून देवदत्त खाली आला. बरोबर रुपाली, शाल गुंडाळलेली. वरच्या कुरणात त्यांच्या तांबड्या गाई दोन नव्या वासरांना मध्ये घेऊन उभ्या होत्या.

“नंदा,” रुपाली म्हणाली, “या राहू देत ना गं. तुला काय उपयोग? आमच्या इथे वासरं आहेत आता.”

“त्या दिवशी पोतेरी होती, ताई.”

रुपालीने देवदत्तकडे पाहिलं. तो म्हणाला, “जे झालं ते झालं. फिल्म तयार आहे, बाय द वे. तुझा भाग ठेवलाय. छान आलाय. लिंक पाठवतो.”

“त्यातली काळी मेंढी दिसते का? माझ्या शेजारी होती ती?”

“दिसते की. सुंदर शॉट आहे.”

“ती काजळी,” नंदा म्हणाली. “तिचं काय झालं, ते सांगा जेवताना लोकांना.”

तिने शेवटची गाठ दातांनी सोडली. पट्ट्यांचा ओला भारा काखेत मारला आणि फाटकाबाहेर आली. गिरीशने ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं इंजिन सुरू केलं होतं. देवदत्त-रुपाली आत, मोकळ्या सपाटीत उभे होते; त्यांच्याभोवती नुसती तार उरली होती. नंदाने फाटक ओढलं, कडी घातली, कडी बसली का ते हलवून पाहिलं आणि तारेवरून त्यांच्याकडे वळून म्हणाली,

“दार लावून घेत जा. तिकडे आम्ही सगळ्यांना हेच सांगत होतो.”